नाणं आणलं, दावं राहिलं

शहापूर-मुरबाडकडे लोक माहुलीचे सुळके चढायला जातात, पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला जातात. मी पौषात गेलो, आणि गेलो एका नाण्यासाठी.

माझं पुण्यात भांड्यांचं दुकान आहे. ते मला कुणी दिलेलं नाही. डोक्यावर पाटी घेऊन दारोदार जुन्या तांब्या-पितळेची मोड घेत फिरलो, तिथून इथवर आलो. धातू हातात आला की त्याचं आजवर काय काय झालंय ते मला कळतं, आणि नाण्यांचा नाद त्यातूनच लागला. पूर्वी दिसेल ते नाणं उचलायचो. आता फक्त प्रूफ नाणी घेतो.

ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रूफ नाणं बाजारात चालवण्यासाठी नसतंच. टाकसाळ ते हौशी माणसांसाठी वेगळं पाडते. ठसा घासून आरशासारखा केलेला असतो, चकतीही तशीच, आणि दाब एकापेक्षा जास्त वेळा दिलेला. त्यामुळे नाण्याची जमीन आरशासारखी दिसते आणि वरचं चित्र दंव पडल्यासारखं पांढरं. त्यावर बोट टेकलं की ठसा उमटतो, फडकं फिरवलं की ओरखडे येतात, आणि मग त्याचा दर्जा गेला तो गेलाच. म्हणून टाकसाळीच्या डबीतून कधीच बाहेर न निघालेलं नाणं मिळालं तर आमच्यातला माणूस जेवण सोडून धावतो.

आता माझं दुखणं. मागच्या वर्षी मुंबईच्या एका प्रदर्शनात मी माझा संच मांडला होता. सत्तरच्या दशकातली चांदीची नाणी, सगळी शेती आणि धान्याच्या चित्रांची. परीक्षक एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी भिंग लावलं आणि मधल्या नाण्यावर थांबले. "हे मागाहून पॉलिश केलंय. आणि डबी तर दुसऱ्याच संचातली आहे." इथवर ठीक होतं. पण पुढे ते शेजारच्याकडे वळून म्हणाले, "भांडीवाल्याला काय, चकाकलं की प्रूफ." चार माणसं हसली. मला ते नाणं विकणाऱ्या दुकानदाराने फसवलं होतं, तेव्हा प्राध्यापक म्हणाले ते बरोबरच होतं, आणि बरोबर होतं म्हणूनच ते वर्षभर टोचत राहिलं. मी ठरवलं, तेच नाणं आणायचं, हात न लागलेलं, त्याच्या स्वतःच्या डबीसकट, आणि त्या माणसाच्या भिंगाखाली ठेवायचं.

वाशिंद

ओळखीतून निरोप पसरवला होता. वाशिंदहून फोन आला. स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान चालवणारा नीलेश बोलत होता. "शेट, प्रूफवाली नाणी पायजेत ना? पायजे तेवढी हायत. टाइम काढून या."

वाशिंद म्हणजे कारखाने, नव्या इमारती आणि संध्याकाळी गाडीतून उतरून भाजी घेत घरी जाणारी माणसं. नीलेशच्या दुकानातही तीच गर्दी होती. त्याने मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि काउंटरखालून प्लॅस्टिकच्या फायली काढून समोर मांडल्या. प्रत्येक फाइलीत एक नाणं टाचलेलं. जुनी पावली, दोन रुपये, गव्हाच्या कणसांचा रुपया, चालून चालून गुळगुळीत झालेले. आणि प्रत्येकाच्या मागे आधार कार्डाची झेरॉक्स, लाइट बिल, एकाला तर ग्रामपंचायतीचा दाखलासुद्धा.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"प्रूफ," नीलेश म्हणाला. "ज्याचं नाणं त्याचं प्रूफ. उद्या कोण बोललं चोरीचं हाय, तं दाखवाया पायजे ना? एकेकाच्या घरी जाऊन सही आणलीय."

मी पुण्याहून तिथवर लाइट बिलं बघायला आलो होतो. माझा आवाज चढला, तो समोरच्या रिक्षा स्टँडपर्यंत गेला असणार. पास काढण्यासाठी फोटो प्रिंट करायला आलेला एक माणूस हसायला लागला. "निल्या, तू लग्नाला पोरगी बघाया गेलास तवा पण तिचं रेशनकार्डच बघितलं असशील."

नीलेश मात्र शांत होता. "शेट, वरडू नका. आमचा पण टाइम गेलाय. मंग तुमचं प्रूफ म्हंजे काय, ते तरी दावा."

मी मोबाइलवरचा फोटो त्याच्यापुढे धरला. तो बघत राहिला. मग दोन बोटांनी चित्र मोठं केलं.

"असलं तं माझ्या मामाकडं हाय," तो म्हणाला. "काचेत घातलेलं. उघडत नाय ते. आमी पोरं होतो तवा लय हिसके दिले."

माझा चहा निवला होता. तो मी तसाच प्यायलो आणि दुसरा सांगितला, त्यालाही.

शहापूर, मुक्काम

रात्री शहापूरला राहिलो. लॉजची गादी आणि गाद्यांवरचं माझं मत यांबद्दल लिहीत नाही. जेवण मात्र लिहिण्यासारखं होतं. तांदळाची भाकरी, इतकी पातळ आणि मऊ की आमच्याकडच्या ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्या माणसाला वाटावं, ही ताटात पोचेपर्यंत फाटेल. बरोबर सुका जवळा, कांद्यात परतलेला. आमच्याकडे जेवणाऱ्याला "अजून काय वाढू" विचारतात. इथे विचारत नाहीत, भाकरी ताटात पडते आणि मग वाढणारी बाई बघते तुम्ही काय करता ते. मी खाल्ल्या.

सकाळी माहुलीचे सुळके धुक्यातून वर आले होते. खालच्या खाचरांत भाताची कापणी होऊन फक्त धसकटं राहिली होती आणि त्यांत बगळे उभे होते. नीलेशने मामाचा पत्ता सांगितला होता तो असा: किन्हवलीला उतरा, तिथून मुरबाडकडं जाणारी गाडी धरा, आणि कंडक्टरला काशिनाथमामांचा फाटा सांगा. कंडक्टरला फाट्याचं सरकारी नाव माहीत नसेल, पण मामा माहीत असतील, असंही तो म्हणाला होता.

किन्हवलीच्या पुढे

किन्हवलीला गाडी बदलली. कंडक्टरला खरोखरच मामा माहीत होते. "बैलांसाठी आलाव?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग मामांकडं काय काम?" सगळी गाडी उत्तराची वाट बघत होती. मी "नातेवाईक आहेत" म्हणालो. "कुनाकडनं?" असा प्रश्न मागच्या बाकावरून आलाच. आमच्या शहरात शेजारी मेला तरी तीन दिवस कळत नाही. इथे बसमधून उतरेपर्यंत मी नीलेशच्या बायकोचा चुलता झालो होतो.

फाट्यावरून घरापर्यंत वाट भाताच्या बांधावरून जाते. माझ्या पायात दुकानात बसण्याचे बूट होते. वळणावर पाय सटकला आणि मी सरळ खाचरात. धसकटांनी उजवा तळहात सोलून काढला. उठून, कपडे झटकून, बांधाला दोन शब्द ऐकवून पुढे गेलो.

अंगणात काशिनाथमामांची बायको, मामी, वालाच्या शेंगा सोलत बसली होती. सोलणं न थांबवता तिने माझा हात बघितला.

"बांधावरनं पडलाव ना? बूट घालून बांधावरनं चालतं काय कोन?" ती आत गेली, हळद घेऊन आली, तळहातावर दाबली आणि वर चिंधी बांधली. मग म्हणाली, "निल्याचा फोन आलता. ते नाणंच बघाया आलाव ना?"

घरात देवाच्या फळीवर, तांब्याशेजारी ते उभं होतं. काचेसारख्या जाड प्लॅस्टिकच्या दोन पाट्या एकमेकींवर घट्ट बसवलेल्या आणि मधल्या गोल खाचेत नाणं. मी डबी हातात घेऊन दारात, उजेडात नेली. नाण्याच्या जमिनीवर एक ओरखडा नाही. दाणा न् दाणा पांढरा. पन्नास वर्षांत कुणाचं बोट लागलेलं नव्हतं, कारण डबी उघडत नाही असा त्या घराचा समज होता. ती उघडते. कडेला नखाएवढी खाच असते, तिथून. पण हे मी तेव्हा बोललो नाही.

नाणं त्यांच्याकडे कसं आलं तेही मामीने सांगितलं. मामांचे वडील असताना धरणाच्या मोजणीला आलेला एक अधिकारी त्यांच्या ओटीवर बरेच दिवस राहिला होता. जाताना तो म्हणाला, तुमचा भात खाल्ला, म्हणून हे भाताचं नाणं. त्यावर गव्हाचं कणीस आहे, पण मी तेही बोललो नाही.

"विकायचं का?" मी विचारलं.

"पोरं दोन, नाणं एक," मामी म्हणाली. "कापून वाटायचं काय? विकलं की भांडान नाय. पन सौदा ह्यांच्याशी करा. हे म्हशाला गेलेत."

म्हसा

म्हशाची जत्रा मुरबाडच्या पुढे भरते, गुरांसाठी नावाजलेली. मी मुरबाडला रात्र काढून दुसऱ्या दिवशी तिथे गेलो. धूळ, घोंगड्या, खाजा, पाळणे आणि जिकडे बघावं तिकडे बैल. शिंगं रंगवलेली, कपाळावर गोंडे. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसांच्या खांद्यावर कोऱ्या दोरांची वेटोळी होती. मला वाटलं, दोरही इथे स्वस्त मिळत असणार.

काशिनाथमामा जनावरांच्या सौद्यात मध्यस्थी करतात. सत्तरीचे, काटक, पांढऱ्या टोपीचे. मी पोचलो तेव्हा त्यांचा हात एका गिऱ्हाइकाच्या हातात होता आणि दोघांच्या हातांवर टॉवेल टाकलेला. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते. एकजण आकाशाकडे, दुसरा बैलाच्या खुराकडे. टॉवेलाखाली बोटं दाबली जात होती, आणि भाव असा चढत-उतरत होता की बाजूला उभ्या माणसाला त्यातलं काही कळू नये. मी आयुष्यभर घासाघीस केली आहे, पण ओरडून. गल्ला माझा, आवाज माझा. इथे हजार माणसांत सौदे चालले होते आणि एकाही भावाचा आकडा ऐकू येत नव्हता. मला ते आवडलं, आणि हात शिवशिवायला लागले.

मामा मोकळे झाले तेव्हा मी ओळख सांगितली. ते हसले. "निल्याचा प्रूफवाला शेट? उद्या घरी या. बाजारात नको. ती घरातली हाय, तिचं बोलनं घरात."

त्या वेळी मला ते "ती" नीट ऐकू आलं नाही. यायला हवं होतं.

मामांच्या ओटीवर

तिसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर सतरंजी घातली होती. मधोमध डबी. मामी उंबऱ्याच्या आत, चुलीकडे तोंड आणि कान बाहेर. शेजारचे दोघं "सहज" आले होते. मामांनी टॉवेल काढला.

"बोटांनी येतं काय तुमाला?"

"काल बघून शिकलो," मी म्हणालो. उजव्या तळहाताला चिंधी होती, तरी हात दिला. मामांनी दुखऱ्या जागेवर दाब येणार नाही असा तो धरला.

मामांनी बोटं दाबली. आकडा ऐकून, म्हणजे सोसून, मी हात झटकन मागे घेतला. शेजारचे खूश झाले.

"मामा, एवढं? हे सोन्याचं नाही."

"चांदी हाय. आणि वर काचेचं मखर हाय. मखराचं काय धरनार?"

इथे माझ्यातला दुकानदार जागा झाला. ज्या मालाला गिऱ्हाईक नावं ठेवतं तोच त्याला हवा असतो, हे मी रोज बघतो, आणि तरी तेच केलं. मी डबीवर घसरलो.

"मखर कसलं? प्लॅस्टिक आहे हे. नाणं वेगळं, डबी वेगळी. ही बघा खाच, इथून उघडते. माझ्या दुकानात पोळ्यांचा डबा घेतला तर असली डबी वर फुकट देतो."

"फुकट?" मामांनी विचारलं.

"फुकट. तिची किंमत शून्य. नाण्याचं बोला."

"गो, ऐकलंस काय?" मामा आत बघून म्हणाले. "डबी उघडते म्हनं."

"ऐकलं," आतून मामी म्हणाली.

मग टॉवेलाखाली पुन्हा सुरू झालं. मामांचं बोट फार बोलकं होतं. भाव उतरवताना ते असं हळू सरकायचं की समोरच्याला लाज वाटावी. मी एकदा उठलो, एकदा पिशवी खांद्याला लावली, एकदा शेजाऱ्यांना साक्षी ठेवलं. मामा आंब्याच्या झाडाकडे बघत बसले होते. शेवटी बोटं एका जागी थांबली आणि मामांनी टॉवेल ओढून घेतला. झालं. मला हवा होता त्या भावाच्याही खाली झालं होतं, डबीला नावं ठेवल्यामुळेच. मी मनात पुण्याला पोचलो होतो. तिथूनही पुढे, मुंबईला, भिंगापर्यंत.

पिशवीतून पांढरे हातमोजे काढले, तेव्हा माझी रिकामी बंद होणारी गोल डबीही बाहेर आली. ती मी नेहमी जवळ ठेवतो. मामी हात पुसत बाहेर आली आणि तिने ती बघितली.

"बरं झालं, दावं आनलंत," ती म्हणाली. "मंग नाणं तुमच्या डबीत घ्या. आमची हितं र्‍हाइल."

"का?"

"दावं कोन देतं काय?"

मला कळेना. तेव्हा शेजाऱ्यांपैकी एकाने समजावलं. गाय विकली, बैल विकला, तरी त्याचं दावं घरचा माणूस सोडून ठेवून घेतो. घेणारा स्वतःचं दावं आणतो. जुनं दावं गेलं तर गोठा रिकामा पडतो, मागून दुसरं जनावर येत नाही. म्हशाला त्या खांद्यांवरच्या कोऱ्या दोरांचा अर्थ तेव्हा लागला.

"ही काय गाय आहे?" मी म्हणालो.

"गाय नाय, तं मंग टॉवेलात हात कशाला घातलाव?" मामा म्हणाले. "लक्षुमी हाय. पन्नास वर्सं त्या दाव्याला बांधलेली. ती चालली, दावं फळीवर र्‍हायला पायजे."

"मामा, डबीशिवाय नाणं अपुरं आहे. डबी टाकसाळीची आहे, मूळची."

मामांनी माझ्याकडे फार प्रेमाने बघितलं. "मघाशी बोललाव, पोळ्यांच्या डब्यावर फुकट मिळते."

शेजारी हसले नाहीत, एवढा त्यांनी माझा मान ठेवला. हसले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी भांडलोच. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. नाणं हवेने काळं पडेल म्हणालो, तर मामीने माझ्या गोल डबीकडे बोट केलं, "ती बंद होते ना?" सौदा मोडला म्हणालो. मामा म्हणाले, "मोडला तं मोडला. जेवून जावा." त्यावर मला जास्तच राग आला. पिशवी उचलली आणि बांधावरून, या वेळी बूट हातात घेऊन, फाट्यावर जाऊन बसलो.

फाट्यावर

गाडी येत नव्हती. समोर डोंगर निळसर दिसत होते, रस्त्याकडेला पळस अजून फुलला नव्हता. राग उतरला की माणसाला हिशेब सुचतो. मला माहीत होतं, हे नाणं या दर्जाचं पुन्हा मिळणार नाही. डबीशिवाय ते प्रदर्शनात अपुरं ठरणार आणि तो प्राध्यापक तेवढंच बघणार. खरं सांगून डबीची किंमत कबूल केली असती तर भाव पुन्हा उघडला असता. त्यालाही माझी आता तयारी होती.

बांधावरून मामा येताना दिसले. त्यांनी शेजारी बसून टोपी काढली, कपाळ पुसलं. मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल घेतला, दोघांच्या हातांवर टाकला आणि बोटं दाबली. डबीसाठी. सकाळी जेवढं खाली उतरवलं होतं तेवढं सगळं परत चढवलं. मामांचा हात माझ्या हातात नुसता पडून होता. मी आणखी दाबलं. इतकं मी कुठल्याही नाण्याला कधी दिलेलं नाही, आणि ते प्लॅस्टिकला देत होतो. मामांनी बोट दाबलं नाही आणि हात काढूनही घेतला नाही. तसाच राहू दिला, आजारी माणसाजवळ बसल्यासारखा.

"शेट," ते म्हणाले, "दाव्याला भाव असता तं मी बोट हलवलं असतं. नाय ना भाव. मी कुठनं आनू?"

"मी खोटं बोललो होतो मामा. ती डबी फुकटातली नाही."

"मला काय ठावं नाय काय?" मामा हसले. "म्हशाला जो बैलाच्या शेपटीला नावं ठेवतो, त्याला शेपटीसकट पायजे असतो. पन तुमी खरं बोलला असतात तरी दावं मिळालं नसतं. भाव तेवढा जास्त पडला असता." आणि मग, "चला. भाकरी निवतात. मामी माझ्या नावानं वरडंल."

गाडी आली. कंडक्टरने मला बघून घंटा मारली, गाडी थांबवली. मामांनी हाताने पुढे जा अशी खूण केली आणि ती गेली.

मी वालाचं बिरडं जेवलो. आमच्याकडे कडवे वाल मुलं ताटात बाजूला काढतात. मामीच्या हातचं बिरडं मी मागून घेतलं, मागितल्यावर ती खूश झाली नाही, "मागता कशाला, वाढतेय ना" म्हणाली.

मग ओटीवर उजेडात बसलो. हातमोजे घातले, उजव्या हाताच्या मोज्याला आतून हळदीचा पिवळा डाग पडला. "डाव्या हातानं घेऊ नका तिला," मामीने बजावलं, म्हणून दुखरा हातच वापरला. खाचेत पातळ पट्टी सरकवली. पन्नास वर्षं न उघडलेली डबी टक आवाज करून उघडली. सगळे पुढे झुकले. नाणं कडेने उचललं. आरशात क्षणभर आंब्याचं झाड आणि मामांची टोपी उलटी दिसली. माझ्या गोल डबीत ते ठेवून झाकण बसवलं.

मामीने रिकाम्या डबीला हळद-कुंकू लावलं आणि ती फळीवर, होती त्याच जागी ठेवली. मधे नुसती गोल खाच. मी बराच वेळ तिकडे बघत होतो. घेऊन पळावं असंही एकदा मनात आलं, ते लपवत नाही.

मुंबई, प्रदर्शन

यंदा त्याच हॉलमध्ये संच मांडला. अशा नाण्यांच्या रिकाम्या जुन्या डब्या बाजारात विकत मिळतात. दोघा मित्रांनी मला त्या देऊ केल्या होत्या. कोण ओळखणार होतं? पण मला ठाऊक होतं, खरी कुठल्या फळीवर आहे ते. दुसरी लावायला हात झाला नाही.

प्राध्यापक आले. भिंग लावून त्या नाण्यापाशी मागच्या वर्षीपेक्षा जास्त वेळ थांबले. "याला कुणाचा हात लागलेला नाही," ते म्हणाले. "असं मी फार कमी बघितलंय. कुठे मिळालं?"

"मुरबाडला."

"आणि डबी?"

"डबी नाही आणली."

त्यांनी मान हलवली. या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही, त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. गुण कापले गेले आणि माझा नंबर आला नाही. त्याबद्दल मी एका शब्दाने बोललो नाही, याचं तिथल्या लोकांनाही नवल वाटलं असणार.

पण दुपारी आयोजकांनी माझ्या मांडणीसमोर छापील कार्ड लावलं. त्यावर होतं, "मूळ डबी: नाही." तिथे मात्र मी सुरू झालो. कार्ड लावणाऱ्या मुलीला बोललो, तिच्या साहेबांना बोललो, प्राध्यापकांना चहावरून उठवून आणलं. माणसं जमली. डबी हरवलेली नाही, फुटलेली नाही, बदललेली नाही, मग "नाही" कसं लिहिता? ते म्हणाले, अहो, इथे नाही ना. मी म्हणालो, इथे नाही म्हणजे नाही असं होत नाही. मी हटलो नाही. शेवटी कंटाळून त्यांनी नवीन कार्ड छापलं, आणि मी ते वाचल्याशिवाय लावू दिलं नाही.

मूळ डबी: आहे. मालकांच्या घरी, तालुका मुरबाड.